बेत आणि बदल

रेल्वेचे आरक्षण, बँकेतील व्यवहार, विजेच्या बिलाचा भरणा, परीक्षेचा अर्ज अशी कितीतरी कामे आज संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर पार पडतात. ही कामे करून देणाऱ्या आज्ञावलींच्या समूहाला आपण सॉफ्टवेअर म्हणतो. पडद्यावरचे एखादे बटण दाबायला आपल्याला क्षणही लागत नाही. परंतु त्या बटणामागे अनेक माणसांचे काही महिन्यांचे, कधी काही वर्षांचे श्रम असतात. या श्रमांची जुळणी करणे, वेळ आणि पैसा यांचा हिशेब राखणे आणि अखेरीस लोकांच्या उपयोगी पडेल अशी वस्तू त्यांच्या हाती देणे, याला सॉफ्टवेअर-प्रकल्पाचे व्यवस्थापन म्हणतात.

हे व्यवस्थापन करण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. एक रीत सांगते, आधी संपूर्ण बेत आखा आणि मगच कामाला लागा. दुसरी सांगते, थोडे काम करा, ते वापरणाऱ्याला दाखवा आणि त्याच्या अनुभवाप्रमाणे पुढचे ठरवा. प्रत्यक्षात मोठ्या प्रकल्पांत या दोन्ही रीती एकत्र आणाव्या लागतात. त्या कशा एकत्र आणाव्यात, आणि अविचाराने एकत्र आणल्या तर काय घडते, हे या पाठात आपण एका खऱ्या प्रकल्पाच्या आधारे समजून घेणार आहोत.

१. आधी बेत, मग काम

१९६८ साली तत्कालीन पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटो या संघटनेच्या पुढाकाराने एक परिषद भरली. मोठी सॉफ्टवेअर वेळेत पुरी होत नाहीत, त्यांचा खर्च अंदाजाबाहेर जातो आणि हाती आलेली वस्तू भरवशाची नसते, अशी त्या काळची तक्रार होती. पूल किंवा इमारती बांधणारे अभियंते ज्या शिस्तीने काम करतात, ती शिस्त या क्षेत्रातही यावी, या विचाराने ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्दप्रयोग त्या परिषदेमुळे रूढ झाला.

या शिस्तीतून पुढे आलेल्या रीतीला पारंपरिक पद्धत किंवा ‘वॉटरफॉल’, म्हणजेच धबधबा पद्धत असे म्हणतात. तिच्यात कामाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. प्रथम ग्राहकाच्या गरजा लिहून काढायच्या, मग रचनेचा आराखडा करायचा, त्यानंतर आज्ञावली लिहायची, ती तपासायची, आणि शेवटी ती वापरात आणायची. पाणी जसे वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर पडते आणि पुन्हा वर चढत नाही, तसे एक टप्पा पुरा होऊन त्यावर सही झाली की काम पुढच्या टप्प्यात जाते.

या पायऱ्यांचे प्रसिद्ध चित्र विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याच्या १९७० सालच्या निबंधात आढळते. ‘वॉटरफॉल’ हा शब्द मात्र त्यांनी त्यात वापरलेला नाही. इतकेच नव्हे, तर केवळ एकाच दिशेने जाण्याची ही रीत धोक्याची आहे, असा इशाराही त्याच निबंधात आहे. चाचणी अगदी शेवटी होते. तेव्हा एखादा मोठा दोष सापडला तर मूळ रचनाच मोडावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांच्या लक्षात चित्र राहिले आणि इशारा मागे पडला.

असे असले तरी पारंपरिक पद्धतीचे गुण नाकारता येत नाहीत. काम किती आहे, त्याला किती खर्च येईल, ते केव्हा पुरे होईल, याचा अंदाज आधी मांडता येतो. त्यामुळे निविदा काढता येते, करार करता येतो, अंदाजपत्रकात तरतूद करता येते. सर्व निर्णय लेखी असल्याने माणसे बदलली तरी काम अडत नाही, आणि पुढे चूक झाली तर ती कोणत्या टप्प्यावर झाली हे शोधता येते. तिचा दोष एवढाच, की ग्राहकाला आपली गरज आरंभीच पूर्णपणे कळलेली आहे, असे ती गृहीत धरते. हे गृहीतक पुष्कळदा खोटे ठरते. वस्तू हाती आल्यावरच माणसाला उमगते, की आपल्याला हवे होते ते काही वेगळेच.

२. थोडे करा, दाखवा, सुधारा

या अनुभवातून दुसरी रीत पुढे आली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड या ठिकाणी १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यातून ‘अ‍ॅजाइल’ हा शब्द या क्षेत्रात रूढ झाला. अ‍ॅजाइल म्हणजे चपळ, चटकन वळू शकणारे. साधने आणि कार्यपद्धतींपेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद, जाडजूड दस्तऐवजांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य, आणि आखलेल्या बेताला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला दिलेला प्रतिसाद यांना अधिक मोल द्यावे, असे या जाहीरनाम्याचे सार आहे. येथे ‘अधिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बेत, करार आणि दस्तऐवज निरुपयोगी आहेत असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. उलट त्यांनाही मोल आहे, हे त्यात स्पष्ट केले आहे.

अ‍ॅजाइल हे एका कुटुंबाचे नाव आहे. त्यातील सर्वांत परिचित पद्धती म्हणजे ‘स्क्रम’. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ती १९९५ साली एका परिषदेत मांडली. हे नाव रग्बी या खेळातून आले आहे. या पद्धतीत काम छोट्या, ठरावीक मुदतीच्या आवर्तनांत विभागलेले असते. अशा आवर्तनाला ‘स्प्रिंट’ म्हणतात. स्प्रिंट जास्तीत जास्त एका महिन्याचा असतो. अनेक ठिकाणी तो दोन आठवड्यांचा ठेवतात. करावयाच्या सर्व कामांची अग्रक्रमाने लावलेली एक यादी असते; तिला ‘बॅकलॉग’ म्हणतात. प्रत्येक स्प्रिंटच्या आरंभी यादीतील वरची कामे उचलायची, रोज पंधरा मिनिटांची छोटी बैठक घ्यायची, आणि शेवटी खरोखर चालणारा भाग वापरणाऱ्यांना दाखवायचा. त्यांचे म्हणणे ऐकून यादीचा क्रम बदलतो. यादीचा क्रम ठरवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असतो.

या रीतीचा मोठा गुण म्हणजे चूक लवकर कळते. दोन आठवड्यांचे काम वाया गेले तर ते सोसता येते. दोन वर्षांचे गेले तर प्रकल्पच बुडतो. परंतु या रीतीलाही मर्यादा आहेत. अखेरचा खर्च आणि अखेरची तारीख आरंभी नेमकी सांगता येत नाही. वापरणाऱ्यांचा प्रतिनिधी सतत उपलब्ध असावा लागतो. आणि दहा-वीस चमू एकाच प्रणालीवर काम करू लागले, की प्रत्येकाने आपापल्या मर्जीने वळणे घेऊन चालत नाही.

३. मिश्रणाची गरज

या दोन रीतींचा मेळ कसा बसतो, हे समजण्यासाठी शिवणकामाचे उदाहरण उपयोगी पडेल. कुशल शिंपी आधी नीट माप घेतो. मग तो कापड बेततो. कात्री लावण्यापूर्वी तो दोनदा विचार करतो, कारण कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. मात्र पुढची सगळी शिवण तो एकदम पक्की करत नाही. तो आधी धावदोरा घालतो, कपडा अंगावर घालून पाहायला सांगतो, कोठे सैल आहे, कोठे ओढला जातो ते बघतो आणि नंतरच पक्की टीप मारतो. शिवाय शिवणीच्या आत तो थोडी माया सोडतो, म्हणजे पुढे गरज पडली तर कपडा उसवून वाढवता येतो.

येथे बेत आहे आणि बदलही आहे. पण त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. कात्री लावताना बेत, आणि धाव घालताना बदल. हाच क्रम उलटा केला, म्हणजे अंदाजाने कात्री चालवली आणि पहिल्याच दिवशी पक्की टीप मारली, तर दोन्ही रीती वापरूनही कपडा बिघडेल. मिश्र पद्धत म्हणजे अर्धे हे आणि अर्धे ते अशी बेरीज नव्हे. कोणती गोष्ट आधी पक्की करायची आणि कोणती मोकळी ठेवायची, याची जाणीवपूर्वक केलेली वाटणी म्हणजे मिश्र पद्धत.

सॉफ्टवेअरच्या मोठ्या प्रकल्पात अशी वाटणी बहुधा टाळता येत नाही. नवे सॉफ्टवेअर क्वचितच मोकळ्या जागेवर उभे राहते. त्याला बँकेच्या, कर खात्याच्या किंवा एखाद्या कार्यालयाच्या जुन्या प्रणालींशी जोडून घ्यावे लागते, आणि त्या जुन्या प्रणालींत बदल करण्याचे वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरलेले असते. कायदा, लेखापरीक्षण आणि सुरक्षितता यांच्या अटी तर वाटाघाटीचा विषयच नसतात. त्याच वेळी सामान्य माणसाला पडद्यावरचा कोणता प्रश्न कळेल आणि कोणता कळणार नाही, हे मात्र त्याच्यासमोर ठेवल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

४. ब्रिटनचे एक उदाहरण

ही वाटणी नीट झाली नाही तर काय होते, हे ब्रिटनमधील ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या योजनेच्या इतिहासावरून दिसते. बेरोजगार, आजारी आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तेथील शासन निरनिराळे साहाय्य देत असे. त्यांपैकी सहा प्रकारचे साहाय्य एकत्र करून एकच मासिक रक्कम द्यावी, असा निर्णय झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये या योजनेची श्वेतपत्रिका निघाली आणि २०१२ साली त्यासाठी कायदा संमत झाला. ऑक्टोबर २०१३ पासून देशभर ही योजना लागू करायची आणि २०१७ पर्यंत सर्वांना तिच्यात आणायचे, असे ठरले होते. हे सारे नव्या संगणकप्रणालीवर अवलंबून होते. लक्षावधी कुटुंबांचे घरभाडे आणि रोजचा किराणा या रकमेतून भागणार होता. म्हणून येथील चूक केवळ तांत्रिक राहणार नव्हती.

संबंधित विभागाने २०११ च्या आरंभी अ‍ॅजाइल पद्धत स्वीकारली. तारीख जवळची होती आणि धोरणाचा तपशील अजून ठरत होता; अशा वेळी चपळ पद्धत सोयीची वाटणे स्वाभाविक होते. परंतु पुरवठादारांशी असलेले करार, निर्णय घेणाऱ्या समित्या आणि कामाची तपासणी करणारी यंत्रणा, हे सारे पारंपरिक पद्धतीला धरून घडलेले होते. जुन्या प्रणालींतील बदलही वॉटरफॉल पद्धतीनेच होत असत. तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये विभागाने आपली रीत बदलली आणि जुन्या प्रणालींच्या कामाशी अधिक जुळेल अशी अ‍ॅजाइलची सुधारित आवृत्ती स्वीकारली. तिला ‘अ‍ॅजाइल २.०’ असे नाव होते. हा एक मिश्र प्रयोगच होता. पुढे पुरवठादारांनी केलेल्या आढाव्यात ऑक्टोबरच्या तारखेविषयी शंका व्यक्त झाली आणि रीत पुन्हा बदलून टप्प्याटप्प्याने जाण्याची भाषा सुरू झाली.

दर वेळी रीतीचे नाव बदलले. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. संपूर्ण योजना प्रत्यक्षात कशी चालेल, तिचे निरनिराळे भाग एकमेकांशी कसे जोडले जातील, याचा तपशीलवार आराखडा तयार नव्हता. पारंपरिक पद्धतीत जो आधी हवा असतो, तोच येथे नव्हता. दुसरीकडे देशभर लागू करण्याची तारीख जाहीर होऊन बसली होती. अ‍ॅजाइल पद्धतीत शिकत शिकत पुढे जाण्यासाठी जी मोकळीक लागते, तीही त्यामुळे उरली नव्हती. म्हणजे जे पक्के हवे ते सैल राहिले, आणि जे सैल हवे ते पक्के झाले.

२०१३ च्या आरंभी प्रमुख शासकीय प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेने गंभीर आक्षेप घेतले आणि फेब्रुवारी ते मे या काळात कार्यक्रमाची फेरआखणी झाली. २९ एप्रिल २०१३ रोजी मँचेस्टरजवळील ॲश्टन-अंडर-लाइन या गावी योजनेचा प्रायोगिक आरंभ झाला, पण फारच मर्यादित स्वरूपात. आपल्या परिस्थितीत झालेला बदल लाभार्थ्याला स्वतः ऑनलाइन नोंदवता यावा असा मूळ हेतू होता. ती सोय त्यात नव्हती. अनेक तपासण्या कर्मचाऱ्यांना हाताने कराव्या लागत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने आपला अहवाल प्रसिद्ध केला. तोवर विभागाने संगणकप्रणालींवरील ३.४ कोटी पौंडांचा खर्च निर्लेखित केला होता, म्हणजे तेवढे काम उपयोगात येणार नाही हे मान्य केले होते. अ‍ॅजाइल पद्धत आधीच्या करारांत, नियंत्रणाच्या व तपासणीच्या चौकटीत बसवताना विभागाला अडचणी आल्या, असे निरीक्षण या अहवालात आहे. वाईट बातमी वरपर्यंत पोहोचू नये अशी तेथील वृत्ती होती, यावरही त्याने बोट ठेवले.

यानंतर विभागाने जो मार्ग घेतला तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. काम दोन रुळांवर चालवायचे ठरले. पहिल्या रुळावर आधीच तयार झालेली प्रणाली सोप्या प्रकरणांसाठी हळूहळू अधिक गावांत न्यायची. दुसऱ्या रुळावर एका वेगळ्या चमूने नवी डिजिटल सेवा छोट्या आवर्तनांत घडवायची. ही नवी सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये लंडनच्या सटन भागात अगदी थोड्या लोकांसाठी सुरू झाली. कर्मचारी आणि लाभार्थी ती वापरताना कोठे अडखळतात हे पाहून तिच्यात सुधारणा होत गेल्या, आणि मग ती नव्या भागांत नेण्यात आली. डिसेंबर २०१८ मध्ये ती देशातील सर्व रोजगार केंद्रांपर्यंत पोहोचली. जुन्या साहाय्यांपैकी ‘टॅक्स क्रेडिट’ पूर्णपणे बंद व्हायला मात्र एप्रिल २०२५ उजाडला.

या दुसऱ्या मार्गाची किंमतही ध्यानात घ्यायला हवी. काही वर्षे दोन प्रणालींचा खर्च सोसावा लागला आणि मूळ वेळापत्रक कितीतरी मागे पडले. तरीही पहिल्या काळात आणि या काळात एक मूलभूत फरक आहे. आता पक्के काय आणि बदलते काय, यांच्यामध्ये रेषा आखलेली होती. जे नीट चालते असे अनुभवाने ठरले, तेवढेच पुढच्या गावात जात होते.

विचार करा : युनिव्हर्सल क्रेडिटच्या आरंभीच्या काळात ‘तारीख’ आणि ‘आराखडा’ यांपैकी कोणती गोष्ट आधी पक्की व्हायला हवी होती? का?

५. रेषा कोठे आखावी?

ही रेषा आखण्यासाठी काही कसोट्या आहेत. बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर या अभ्यासकांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पाच बाबी विचारात घ्यायला सांगितल्या आहेत. चमू किती मोठा आहे? सॉफ्टवेअर बिघडले तर होणारे नुकसान किती गंभीर आहे? गरजा किती वेगाने बदलतात? काम करणारे किती अनुभवी आहेत? आणि संस्थेतील माणसांना मोकळीक मानवते की नियमबद्धता? चमू लहान, नुकसान मर्यादित, गरजा बदलत्या आणि माणसे अनुभवी असतील, तर अ‍ॅजाइलकडे झुकावे. चमू मोठा, चुकीची किंमत भारी आणि गरजा स्थिर असतील, तर पारंपरिक शिस्तीकडे झुकावे. एकाच प्रकल्पाच्या दोन भागांना ही उत्तरे वेगवेगळी लागू शकतात, आणि तेथेच मिश्र पद्धतीची जागा असते.

समजा, एखाद्या मुक्त विद्यालयासाठी परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरून घेणारी प्रणाली तयार करायची आहे. परीक्षेची तारीख जाहीर झालेली आहे. ती हलणार नाही. परीक्षा-क्रमांकाची रचना, शुल्काचे नियम, बँकेशी होणारी जोडणी, विद्यार्थ्यांची माहिती आणि गुण साठवण्याची सुरक्षित व्यवस्था या गोष्टी एकदा ठरल्या, की नंतर बदलणे महागात पडते. लाखभर विद्यार्थ्यांना क्रमांक दिल्यावर क्रमांकाची रचना बदलणे म्हणजे शिवलेला कपडा पुन्हा कापणे होय. म्हणून या भागासाठी लेखी आराखडा, तज्ज्ञांची तपासणी आणि सहीनिशी मंजुरी ही पारंपरिक रीत योग्य ठरते.

परंतु अर्जाची पाने कशी असावीत? ‘पालकाचे नाव’ या चौकटीत पन्नाशीच्या विद्यार्थिनीने काय लिहावे? छायाचित्र जोडताना लोक कोठे अडतात? शुल्क भरल्याचा संदेश कोणत्या भाषेत आणि किती शब्दांत जावा? या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात बसून मिळत नाहीत. दोन आठवड्यांत अर्जाचे पहिले पान तयार करावे, एखाद्या अभ्यासकेंद्रावर वीस विद्यार्थ्यांकडून ते भरून घ्यावे, ते कोठे थांबतात ते पाहावे आणि पुढच्या दोन आठवड्यांत दुरुस्ती करावी. येथे अ‍ॅजाइल रीतच कामी येते.

थोडक्यात, प्रत्येक भागाविषयी एकच प्रश्न विचारावा : येथे चूक उशिरा कळली तर ती सुधारायला काय पडेल? फार पडत असेल तर आधी बेत करावा. थोडे पडत असेल तर करून पाहावे आणि शिकावे.

६. दोन वेळापत्रके आणि एक करार

रेषा आखली की ती रोजच्या कामात सांभाळावी लागते. त्यासाठी व्यवस्थापकाला चार गोष्टींची घडी बसवावी लागते.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. मिश्र प्रकल्पात दोन वेळापत्रके असतात. एक मोठे, महिन्यांचे आणि टप्प्यांचे. दुसरे छोटे, स्प्रिंटचे. बँकेची जोडणी जुलैत मिळणार असेल, तर शुल्क भरण्याचे पान त्याआधीच्या स्प्रिंटमध्ये तयार असायला हवे, आणि जोडणी मिळेपर्यंत त्याची चाचणी कशी घ्यायची हेही ठरलेले असायला हवे. ही दोन वेळापत्रके एकमेकांना कोठे भेटतात, त्या तारखा व्यवस्थापकाने स्वतंत्रपणे लिहून ठेवाव्यात. मिश्र प्रकल्पांतील पुष्कळ घोटाळे नेमके या सांध्यांवर होतात.

दुसरी गोष्ट कराराची. प्रत्येक पानाचा व बटणाचा तपशील करारात लिहिला, तर एका शब्दाच्या दुरुस्तीसाठीही पत्रव्यवहार करावा लागतो. काहीच लिहिले नाही, तर खर्चाला अंत राहत नाही. मधला मार्ग असा : एकूण रक्कम, अखेरची तारीख, सुरक्षिततेच्या अटी आणि साध्य करावयाचे परिणाम करारात पक्के करावेत, कामांची यादी मात्र बदलती ठेवावी. यादीत नवे काम आले, तर तेवढ्याच आकाराचे एक जुने काम बाहेर काढावे. शिंप्याच्या मायेप्रमाणे वेळेत आणि पैशात थोडी राखीव जागाही ठेवावी.

तिसरी गोष्ट ‘पूर्ण’ या शब्दाच्या अर्थाची. आज्ञावली लिहून झाली, की लिहिणाऱ्याला काम पूर्ण वाटते. तपासणाऱ्याला ते चाचणीनंतर पूर्ण वाटते. लेखापरीक्षकाला कागद पुरे झाल्यावर. मिश्र प्रकल्पात निरनिराळ्या सवयींची माणसे एकत्र येतात, म्हणून या शब्दाची व्याख्या आधीच लिहून सर्वांनी मान्य करावी. एरवी एका चमूचे ‘पूर्ण’ दुसऱ्या चमूच्या दारात अपूर्ण म्हणून पडून राहते.

चौथी गोष्ट निर्णयाची आणि खऱ्या माहितीची. पक्क्या भागात बदल करायचा तर कोणाची संमती लागेल, आणि बदलत्या भागातील निर्णय कोण एकटा घेऊ शकेल, हे नावानिशी ठरवावे. दर दोन आठवड्यांचा निर्णय तीन महिन्यांनी भरणाऱ्या समितीकडे पाठवला, तर स्प्रिंटला अर्थ राहत नाही. तसेच प्रगतीचा अहवाल टक्केवारीत मागण्यापेक्षा चालणारा भाग डोळ्यांनी पाहावा. ‘ऐंशी टक्के काम झाले’ हे वाक्य कितीही काळ खरे राहू शकते. अर्ज भरला जातो की नाही, हे मात्र पाच मिनिटांत दिसते. वाईट बातमी सांगणाऱ्याला दोष न देणारा व्यवस्थापक असेल, तरच ती वेळेवर पोहोचते.

७. मिश्र पद्धतीच्या मर्यादा

मिश्र पद्धत हे नाव पुष्कळदा पळवाट म्हणूनही वापरले जाते. वर्षभर गरजांचे दस्तऐवज करायचे, मधले काही महिने स्प्रिंट घ्यायचे, आणि तयार झालेला भाग पुन्हा सहा महिने मंजुरीसाठी अडवून ठेवायचा, असा प्रकार अनेक संस्थांत आढळतो. डेव्ह वेस्ट या विश्लेषकाने २०११ साली त्याला ‘वॉटर-स्क्रम-फॉल’ असे नाव दिले. येथे शब्द नवे असतात आणि वापरणाऱ्याला वस्तू दिसायला लागणारा काळ पूर्वीइतकाच राहतो. रोज उभ्याने बैठक घेतल्याने कोणी चपळ होत नाही, आणि जाड फाइल ठेवल्याने कोणी शिस्तबद्ध होत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. सॉफ्टवेअर चांगले घडले, तरी त्यामागचे धोरण त्यातून बदलत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये पहिली रक्कम मिळण्यासाठी अर्जदाराला आधी किमान सहा आठवडे थांबावे लागे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ही मुदत पाच आठवड्यांवर आली. २०१७ साली तर सुमारे एक चतुर्थांश नव्या अर्जदारांना ठरलेल्या दिवशी पूर्ण रक्कम मिळाली नव्हती. पडदे सुधारणारा चमू अर्ज सोपा करू शकतो. प्रतीक्षेची मुदत कमी करणे त्याच्या हाती नसते. म्हणून पक्के काय आणि बदलते काय ही वाटणी करताना, पक्क्या ठरवलेल्या गोष्टींचा भार कोणावर पडतो आहे, हाही प्रश्न निर्णय घेणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

आपल्यापैकी काहीजण पुढे या क्षेत्रात चाचणी, माहिती-नोंदणी किंवा ग्राहक-साहाय्य अशी कामे करतील. बहुतेकजण एखाद्या प्रणालीचे वापरकर्ते असतील. अर्ज भरताना आपण कोठे अडलो, हे स्पष्ट शब्दांत सांगणारा वापरकर्ता प्रकल्पाच्या दृष्टीने मोलाचा असतो. कारण बदल कोठे हवा, हे त्याच्यामुळेच कळते. बेत आखणारे आणि बदल सुचवणारे यांच्यात असा संवाद चालू राहिला, तर पडद्यामागची शिस्त आणि पडद्यापुढचा माणूस या दोघांचेही काम साधते.

आपण काय शिकलो?

• पारंपरिक पद्धतीत गरजा, रचना, लेखन, चाचणी आणि वापर हे टप्पे क्रमाने होतात. तिच्यामुळे खर्च व वेळ यांचा अंदाज आधी मिळतो, पण चूक उशिरा कळते.
• अ‍ॅजाइल पद्धतीत छोट्या आवर्तनांत चालणारा भाग तयार होतो. चूक लवकर कळते, पण अखेरचा खर्च व तारीख आधी नेमकी सांगता येत नाही.
• मिश्र पद्धतीत, जे बदलणे महाग असते ते आधी पक्के करतात आणि जे अनुभवानेच कळते ते मोकळे ठेवतात.
• वेळापत्रकांचे सांधे, करार, ‘पूर्ण’ या शब्दाची व्याख्या आणि निर्णयाचा अधिकार या चार गोष्टींची घडी बसल्याशिवाय मिश्र पद्धत यशस्वी होत नाही.

स्वाध्याय

१. विन्स्टन रॉइस यांच्या निबंधातील कोणता इशारा मागे पडला? त्याचे कारण आपल्या शब्दांत सांगा.
२. शिवणकामातील ‘बेतणे’, ‘धावदोरा’ आणि ‘माया’ या तीन गोष्टी सॉफ्टवेअर-प्रकल्पातील कोणत्या गोष्टींशी जुळतात, ते लिहा.
३. ‘जे पक्के हवे ते सैल राहिले, आणि जे सैल हवे ते पक्के झाले’ हे विधान युनिव्हर्सल क्रेडिटच्या संदर्भात स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील ग्रंथालयासाठी पुस्तक-देवघेवीची प्रणाली करायची आहे, असे समजा. तिच्यातील कोणत्या तीन गोष्टी आधी पक्क्या कराल आणि कोणत्या तीन करून पाहून ठरवाल? कारणे द्या.
५. ‘वाईट बातमी वेळेवर कळणे हेच चांगल्या व्यवस्थापनाचे लक्षण आहे’ या विधानावर आठ ते दहा ओळींत आपले मत मांडा.